धक्क्यावरचा ब्राउन

मिशिगन तळ्यातल्या हौशी मासेमारीचा इतिहास कुणीही सांगायला घेतला की तो १९६६ पासून सुरू होतो आणि त्याचा नायक असतो सामन. मग ओघाने मोठ्या होड्या येतात, मासा कुठे आहे ते पडद्यावर दाखवणारी यंत्रं येतात, भाड्याने घेऊन जाणारे कप्तान येतात. ज्याच्याकडे होडी नाही आणि भाड्यालाही पैसे नाहीत, तो माणूस या इतिहासात फारसा भेटत नाही. तो विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी, रेसीन, शेबॉयगनच्या धक्क्यांवर गरवत उभा असतो. सामन तिथेही येतो, पण वर्षातले ठरावीक आठवडे. बाकीच्या दिवसांत या माणसाची भिस्त ब्राउन ट्राउटवर. गेल्या साठ वर्षांत या तळ्यावर जे जे गुदरलं, त्यातून हा मासा कसा निभावला, ते पाहण्यासारखं आहे.

ब्राउन मूळचा युरोपचा. १८८० मध्ये बर्लिनच्या मत्स्यप्रदर्शनात फ्रेड मॅथर या अमेरिकन मत्स्यसंवर्धकाची बॅरन फॉन बेर यांच्याशी ओळख झाली आणि १८८३ मध्ये बेर यांनी पाठवलेली अंडी अमेरिकेत पोचली. पुढच्या वर्षी, ११ एप्रिल १८८४ रोजी, त्यांतून निघालेली ४,९०० पिल्लं मिशिगन राज्यातल्या पेर मार्केट नदीच्या एका उपनदीत सोडण्यात आली. ही नदी मिशिगन तळ्यालाच मिळते. (हाच मासा साहेबाने १९०० च्या सुमारास काश्मीरच्या नद्यांतही आणून सोडला. पहिली खेप वाटेतच मेली होती.) तरी पुढची कितीतरी वर्षं अमेरिकेतला ब्राउन हा मुख्यतः नद्या-ओढ्यांचाच मासा मानला जाई. तळ्यावर सत्ता होती इथल्या मूळच्या लेक ट्राउटची. त्याच्या आणि व्हाइटफिशच्या जोरावर मिलवॉकीच्या जोन्स आयलंडवर बाल्टिक किनाऱ्याकडून आलेल्या काशुबियन कोळ्यांची अख्खी वस्ती पोसली जात होती. बंदर वाढवायचं म्हणून शहराने ती वस्ती हळूहळू उठवली. आज तिथे सांडपाणी शुद्ध करण्याचा कारखाना आहे आणि त्यातून सुटणाऱ्या कोमट पाण्याला हिवाळ्यात ब्राउन जमतो.

लेक ट्राउटचा घात केला लॅम्प्रीने. वामसारखा लांबट, जबडा नसलेला हा समुद्री जीव मोठ्या माशाला तोंडाने चिकटतो आणि त्याचं रक्त पितो. वेलंड कालव्याची सुधारणा झाल्यावर तो नायगाऱ्याला वळसा घालून वर चढला. १९२१ मध्ये तो ईरी तळ्यात दिसला, १९३६ मध्ये मिशिगनमध्ये. आधीच अतोनात उपसलेला लेक ट्राउट त्याच्यापुढे टिकला नाही, १९५० च्या दशकात तो इथून जवळजवळ नाहीसा झाला. शास्त्रज्ञांनी हजारो रसायनं तपासून लॅम्प्रीची पिल्लं मारणारं एक शोधून काढलं खरं, पण तोवर तळ्यात मोठा शिकारी मासा उरला नव्हता. ती मोकळीक साधली एलवाइफने. हा हेरिंगच्या गोतातला, आपल्या तारलीचा भाऊबंद. १९४९ मध्ये तो मिशिगन तळ्यात आला आणि बेसुमार वाढला. १९६७ च्या उन्हाळ्यात तो मरून किनाऱ्याला लागला तेव्हा शिकागोच्या चौपाटीवर बुलडोझर लावावे लागले.

या एलवाइफला खाणारा कुणीतरी हवा, म्हणून मिशिगन राज्याच्या मत्स्यविभागाचे हॉवर्ड टॅनर यांनी १९६६ मध्ये पॅसिफिकचा कोहो सामन आणून सोडला. पाठोपाठ चिनूक सामन आला. एका परक्या माशाचा बंदोबस्त करायला दुसरा परका मासा आणायचा, हे आज कुणी सुचवलं तर त्याला सभेबाहेर काढतील. तेव्हा मात्र ते भलतंच यशस्वी झालं. १९६७ च्या सप्टेंबरात कोहोच्या वेडापायी लहानलहान होड्या वादळाचे इशारे न जुमानता पाण्यात गेल्या आणि सात जण बुडाले, तरी वेड ओसरलं नाही.

याच धामधुमीत विस्कॉन्सिन राज्य ब्राउनची पिल्लंही बंदरांच्या तोंडाशी सोडू लागलं. त्याची जाहिरात कुणी केली नाही. पण चिनूक खोल, थंड पाण्याच्या मागे तळ्याच्या मध्याकडे जातो, तसं ब्राउनचं नाही. त्याला थोडं कोमट पाणी चालतं आणि किनारा सोडवत नाही. मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर बंदरातलं उथळ पाणी आधी तापतं, तिथे तो येतो. भर उन्हाळ्यात जरा दूर सरकतो, पण वारा जमिनीकडून सुटला की वरचं तापलेलं पाणी आत ढकललं जातं, तळाचं गार पाणी काठाशी वर येतं आणि त्याच्यासोबत मासेही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात विणीसाठी तो नद्यांच्या मुखाशी गोळा होतो. बंदर गोठलं की लोक बर्फाला भोक पाडून त्यालाच गरवतात.

आमिष म्हणून बहुतेक जण सामन-ट्राउटची गाभोळी वापरतात. बोराएवढी गाभोळी बारीक जाळीच्या तुकड्यात पुरचुंडीसारखी बांधायची आणि गरीला लावायची. सुरमईची गाभोळी तळून खाण्यात ज्याचं बालपण गेलं, त्याला हे बघताना पहिली काही वर्षं जिवावर येतं. धक्का पाण्यापासून उंच, म्हणून लांब दांड्याची जाळी लागते, आणि ती धरायला दुसरा माणूस. त्यामुळे ज्याच्याशी एरवी शब्दही बोलला नसता, तो तुमच्यासाठी कडेला पालथा झोपून जाळी खाली सोडतो. होडीवर हा प्रसंग येत नाही, कारण तिथे सगळे आधीच ओळखीचे असतात.

धरलेला मासा खायचा की नाही, हा प्रश्न १९७० च्या दशकात उभा राहिला. कारखान्यांतून आलेलं पीसीबी हे विषारी रसायन तळ्याच्या गाळात साचलं होतं. दक्षिणेला वॉकीगन बंदरात ते होड्यांची इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यातून आलं होतं, हा योगायोग मला नेहमी खटकतो. पीसीबी चरबीत साठतं, आणि ब्राउन चरबीचा मासा. पुढे प्रमाण बरंच घटलं, तरी किती खावा याचा सरकारी सल्ला अजून आहे. कातडी आणि पोटाकडची चरबी काढून टाका, असं त्यात सांगतात. धक्क्यावर तो मनावर घेणारे आणि खांदे उडवणारे, दोन्ही भेटतात.

मग शिंपले आले. १९८९ च्या सुमारास झेब्रा शिंपला, १९९७ मध्ये क्वागा. जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून कॅस्पियन-काळ्या समुद्राकडचे हे जीव इथे पोचले. क्वागाने तळ्याचा तळ व्यापला आणि पाण्यातलं सूक्ष्म खाद्य गाळून खाल्लं. पाणी काचेसारखं नितळ झालं. पर्यटक खूश झाले, पण खाद्य गेलं की एलवाइफ जातो आणि एलवाइफ गेला की चिनूक. शेजारच्या ह्युरॉन तळ्यात २००३-०४ च्या सुमारास नेमकं हेच घडलं. मिशिगन तळ्यावर ती वेळ येऊ नये म्हणून राज्यांनी चिनूकची पिल्लं सोडणं कमी केलं.

ब्राउनने याच काळात आहार बदलला. त्याच जहाजांतून गोल गोबी आला होता, आपल्या निवटीच्या लांबच्या नात्यातला, दगडांत दबून राहणारा. तो शिंपले खातो आणि ब्राउन त्याला खातो. बंदराचे बांध दगडांचेच, तेव्हा हे खाद्य ब्राउनच्या दारातच होतं. शिवाय आल्प्सच्या तळ्यांतली जर्मन वाणाची पिल्लंही सोडली जात होती, जी जास्त जगतात आणि जास्त वाढतात. २००९ मध्ये पूर्व किनाऱ्यावरच्या मॅनिस्टी नदीत ४१ पौंड ७ औंसांचा ब्राउन मिळाला आणि जुना जागतिक विक्रम मोडला. पुढच्याच जुलैत रेसीनजवळ ४१ पौंड ८ औंसांचा. एका औंसाचा फरक नियमात बसत नाही म्हणून दोघांची बरोबरी ठरवली गेली. नंतर हा मान न्यूझीलंडला गेला, जिथे कालव्यातले ब्राउन सामनपालनाच्या पिंजऱ्यांतून सांडणाऱ्या दाण्यावर फुगतात. इथले गरवणारे त्या विक्रमाला मोजायला तयार नाहीत, आणि मला त्यांचं पटतं.

अर्थात इथला ब्राउनही काही आपल्या बळावर जगत नाही. विस्कॉन्सिनच्या या किनाऱ्यावरच्या नद्या उन्हाळ्यात फार तापतात, त्यांत त्याची वीण टिकत नाही. धक्क्यावर मिळणारा जवळजवळ प्रत्येक ब्राउन उबवणी केंद्रात वाढून टाकीच्या ट्रकमधून आलेला असतो. गरवणाऱ्याला परवान्यावर ट्राउट-सामनचा वेगळा शिक्का विकत घ्यावा लागतो, त्या पैशाचा वाटा यात असतो. कोणत्या माशाची किती पिल्लं सोडायची यावर लोकांची मतं मागवली जातात, तेव्हा चिनूकच्या बाजूने होडीवाले जोरात बोलतात. ब्राउनच्या बाजूने बोलायला धक्क्यावरचे फार थोडे येतात. वारा बरा असेल तर एकही येत नाही.