बोक्याचं वय

मे महिना. सकाळचे साडेआठ. ठाण्यातल्या एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर जनावरांचा दवाखाना आहे. शटर अजून अर्धंच वर. खालून फिनेलच्या पाण्याचा ओघळ पायरीवर येतो आणि बघता बघता वाळतो. बाहेरच्या लोखंडी बाकावर जागा नाही. बाकाखाली, पायरीवर, स्कूटरच्या फुटबोर्डवर पिंजरेच पिंजरे. एक भाजीचा क्रेट, त्यावर दुसरा पालथा घालून सुतळीने बांधलेला. शेजारी एक उशीचा अभ्रा. त्याचं तोंड नाडीने आवळलंय आणि आतून एकच सूर चालू आहे.

आज ऑपरेशनचा वार. मदतनीस वही घेऊन बाहेर येतो आणि नंबर घालायला लागतो. नाव विचारतो ते जनावराचं.

"बंड्या."

"वय?"

इथे बहुतेक जण अडतात. कुणी म्हणतं तीन असतील, कुणी म्हणतं पाच. क्रेटवाल्या मावशींचा हिशेब मात्र पक्का आहे. "संक्रांतीला डोळे उघडले होते बघा." पिल्लाचे डोळे ७ ते १४ दिवसांत उघडतात. म्हणजे जन्म जानेवारीच्या सुरुवातीचा, आणि आता चार महिने होऊन गेले. मदतनीस पुन्हा विचारतही नाही, सरळ ४ लिहितो.

ऊन बाकापर्यंत सरकतं. माणसं पिंजरे सावलीत ओढतात, स्वतः उन्हात उभी राहतात. कुणी पिंजऱ्यावर ओला पंचा टाकलाय. एवढ्यात एक उग्र, डोळ्यांत जाणारा वास येतो. वास आधी पोचतो, बोका मागून दिसतो. आठ महिन्यांचा, पिवळा, गालफडं भरायला लागलेली. त्याच्याबरोबर एक आजी आणि त्यांची सून.

"एकदा तरी बाप होऊ द्यायचं होतं त्याला," आजी कुणाला तरी सांगतायत. "मुकं जनावर. त्याचं काय वाईट केलंय?"

"आई, गोधडी तीनदा धुतली," सून म्हणते.

आजी गप्प. गोधडी त्यांचीच असावी.

आत वजनकाटा आहे. पिल्लं त्यावर ठेवली की चारी पाय फाकवून चिकटून बसतात. एक किलो नऊशे. दोन किलो शंभर. एक जण काट्यावरून उडी मारतो आणि फ्रिजमागे जातो. त्याला बाहेर काढण्यात दहा मिनिटं जातात, रांग तेवढी थांबते. कुणाची तक्रार नाही. मांजरवाल्यांना असल्या थांबण्याची सवय असते.

डॉक्टरीणबाई टेबलाशी उभ्या. आधी ओठ उचलून दात बघतात. मावशींच्या बंड्याचे पुढचे दात नवे आलेत, सुळे अजून दुधाचे आहेत. संक्रांतीचा हिशेब बरोबर. मग शेपटी वर करून बोटांनी चाचपतात. दोन्ही गोट्या खाली आहेत. "चालेल," त्या म्हणतात. मावशींना भलतीच काळजी: "एवढ्यात? सहा महिन्यांनंतर करतात ना?"

पूर्वी तसंच सांगितलं जायचं. आता बरेच डॉक्टर चार ते पाच महिन्यांचं वय धरतात, कारण बोका पाचव्या-सहाव्या महिन्यात वयात येतो, एखादा चौथ्यातच. निवाऱ्यांमधून तर दोन महिन्यांच्या, किलोभर वजनाच्या पिल्लांचंही ऑपरेशन होतं. बाई हे सगळं बोलत नाहीत. एवढंच म्हणतात, "अजून वास सुटलेला नाही ना? मग बरोबर वेळेवर आलात."

पुढचा तरुण फोन हातात धरूनच आत येतो. त्याने बरंच वाचलंय. लवकर केलं तर लघवीची नळी अरुंद राहते, पुढे तुंबते, वाढ खुंटते. प्रश्न चुकीचा नाही. बोक्याची लघवी तुंबणं हा खरोखर जिवावरचा आजार आहे. पण १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सातव्या आठवड्यात केलेले, सातव्या महिन्यात केलेले आणि मुळीच न केलेले बोके २२ महिन्यांचे झाल्यावर तपासले, तेव्हा नळीच्या रुंदीत फरक सापडला नाही. वाढीचं तर उलटंच आहे: लवकर केलेल्यांची हाडं किंचित जास्त लांब होतात. तरुण ऐकतो, पुन्हा फोनकडे बघतो, आणि सही करतो.

सगळ्यांनाच होकार मिळतो असं नाही. एका पांढऱ्या पर्शियन पिल्लाची एकच गोटी हाताला लागते. दुसरी पोटात किंवा जांघेत अडकलेली. बाई त्याला परत पाठवतात. सहा महिन्यांपर्यंत वाट बघू, तोवर उतरली तर ठीक, नाहीतर शोधून काढावी लागेल. ती आत ठेवून चालत नाही, कारण आत राहूनही ती हार्मोन बनवत राहते आणि पुढे तिथे गाठ होण्याची भीती असते. अभ्र्यातलं पिल्लू बाहेर येतं तेव्हा डोळ्यांना चिपडं, नाकात शेंबूड. त्यालाही आज नाही. आधी सर्दी, मग लस, मग ऑपरेशन. अशांनी थांबलंच पाहिजे.

आणि एका टोपलीत दोघं आहेत, साडेचार महिन्यांची. भाऊ आणि बहीण, एकमेकांच्या मानेवर मान टाकून. "सख्खी भावंडं आहेत, त्यांचं काही होणार नाही," घरचे काका खात्रीने सांगतात. बाई मान हलवतात. मांजरात हे नातं कोणी पाळत नाही. भाटी चौथ्या महिन्यातही माजावर येऊ शकते, आणि त्यानंतर ६३ ते ६५ दिवसांत घरात पिल्लं. काका एकासाठी आले होते, आता दोघांचा खर्च विचारतात. तिचं पोट उघडावं लागतं, म्हणून तिचे पैसे जास्त.

एक पिल्लू फार मलूल पडलंय. "कालपासून उपाशी ठेवलंय, सांगितल्याप्रमाणे," मालकीण म्हणते. सांगितलेलं मोठ्या मांजराचं होतं. एवढ्या लहानाला तीन-चार तास पुरतात. जास्त झालं तर रक्तातली साखर उतरते. मदतनीस त्याच्या हिरड्यांना ग्लुकोजचं पाणी चोळतो. थोड्या वेळाने पिल्लू मान उचलतं, मदतनिसाचं बोट चावतं. चांगलं लक्षण.

ऑपरेशनची खोली गार आहे. बाहेर डांबर मऊ पडायची वेळ आणि इथे पिल्लांना लोकरी शालीत गुंडाळतायत. हातमोज्यांत गरम पाणी भरून दोन्ही बाजूंना ठेवलंय. भूल चढली की लहान जीव पटकन थंड पडतो. इंजेक्शननंतर बंड्या लुळा होतो, डोळे मात्र उघडेच. या भुलीत ते मिटत नाहीत, म्हणून त्यात मलम घालतात. मागचे केस उपटून काढतात. दोन बारीक छेद. वाटाण्याएवढी गोटी बाहेर येते, तिच्याच नळीची तिलाच गाठ, कापणं, आत सोडणं. दुसरी तशीच. टाके नाहीत. घरोघरी चाललेला वाद पाच-सात मिनिटांत संपतो.

आठ महिन्यांच्या पिवळ्याला थोडा जास्त वेळ लागतो. त्याच्या इंद्रियावर बारीक काटे आलेत. हार्मोन सुरू झाल्याची ती खूण. ऑपरेशननंतर काही आठवड्यांत ते जातील. वास ओसरेल. पिचकाऱ्या मारणंही दहातल्या नऊ बोक्यांचं थांबतं किंवा कमी होतं. दहावा कोण असेल हे आधी सांगता येत नाही. लहानपणी केलेल्यांतही एखाद्याला पुढे ही खोड लागतेच. बाई ते लपवत नाहीत.

दुपारी एक. बाकावर आता तेच पिंजरे, पण आतून आवाज नाही. झिंगलेली डोकी, अर्धवट बाहेर आलेल्या जिभा. बंड्या उठतो, पडतो, पुन्हा उठतो. खिडकीपाशी सूचनांची रांग लागते. रेतीऐवजी आठवडाभर कागदाच्या पट्ट्या. चाटू देऊ नका, कोन घाला. आंघोळ नाही. दुखतंय असं वाटलं तर घरातली क्रोसिन मुळीच नको; पॅरासिटामॉलने मांजर मरतं. पुढे खाणं पाव हिश्शाने कमी, नाहीतर वर्षात गोलमटोल.

सून पिवळ्याला उचलते. "आता शेजारच्या मनीची भीती नाही ना?"

"महिना-दीड महिना आहे," खिडकीतून उत्तर येतं. आत साठलेलं संपायला तेवढा वेळ जातो. आजी हसतात. सून हसत नाही.

तुमच्या घरात नर पिल्लू असेल तर लशीच्या दुसऱ्या डोसाला जाल तेव्हाच त्याचं वजन करून घ्या, दोन्ही गोट्या उतरल्यात का ते बघायला सांगा, आणि ऑपरेशनची तारीख वहीत लिहूनच परत या.