गाडीची ओळख

मोटारसायकल रस्त्यावर धांवूं लागली म्हणजे मनुष्याप्रमाणें तिलाही नांव लागतें. नोंदणी-क्रमांक हेंच तें नांव होय. मीरा-भाईंदर येथील जुन्या गाड्यांवर ठाण्याचा 'एमएच ०४' हा संकेत दिसतो. २०२५ सालीं या शहरास 'एमएच ५८' हा स्वतंत्र संकेत मिळाला.

१ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांस उच्च-सुरक्षा पाटी आवश्यक झाली. महाराष्ट्रांत जुन्या वाहनांसही ती सक्तीची आहे. ही पाटी अॅल्युमिनियमची असून तिच्यावर अशोकचक्राची छाप व लेझरनें कोरलेला निराळा क्रमांक असतो. तिचें कुलूप एकदां काढलें कीं पुन्हां उपयोगीं पडत नाहीं. मोटारीच्या पुढील कांचेवर आंतून नोंदणीची चिकटपट्टीही लावावी लागते; दुचाकीस मात्र ती नको, पुढची व मागची पाटी पुरे.

कित्येक तरुण चार-एक-चार-एक या इंग्रजी अंकांस वळण देऊन 'दादा' असें लिहवितात. हें नियमबाह्य तर आहेच. परंतु एखाद्या पादचाऱ्यास धक्का देऊन गाडी निघून गेली, अथवा आपलीच गाडी चोरीस गेली, तर ती ओळखावी कशी? पाटी वाचतां येईल अशी ठेवणें म्हणजे आपल्या कृत्याची जबाबदारी पतकरणें होय. तेव्हां विद्यार्थ्यांनो, आज घरीं गेल्यावर वडिलांच्या गाडीची पाटी अवश्य पाहा.