स्लॉट रिकामा आहे म्हणून कार्ड चालेलच असे नाही

तयार मिळणाऱ्या ब्रँडेड डेस्कटॉपबद्दल, विशेषतः कार्यालयांतून निघून जुन्या संगणकांच्या बाजारात येणाऱ्या यंत्रांबद्दल, सर्वांत घट्ट रुजलेला गैरसमज असा की मदरबोर्डवरचा लांब स्लॉट रिकामा असला म्हणजे हवे ते ग्राफिक्स कार्ड आणून बसवावे आणि ते चालेल. कार्ड बसते, हे खरे. कारण पीसीआय एक्स्प्रेस या जोडणीचे मानक सर्व कंपन्यांना समान आहे आणि चौथ्या आवृत्तीचे कार्ड तिसऱ्या आवृत्तीच्या स्लॉटमध्येही काम करते. परंतु कार्ड बसणे वेगळे आणि त्याला पुरेशी वीज मिळणे वेगळे. ही साधी गोष्ट कितीदा सांगितली तरी ग्राहक आधी कार्ड घेतात आणि एसएमपीएसचा, म्हणजे घरातील विजेचे संगणकाला लागणाऱ्या कमी दाबाच्या विजेत रूपांतर करणाऱ्या पेटीचा, विचार नंतर करतात.

मानकानुसार स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त 75 वॅट घेता येतात. त्याहून अधिक लागत असतील, तर एसएमपीएसमधून थेट येणारी स्वतंत्र वायर जोडावी लागते. तिच्या 6 पिनच्या टोकातून 75 आणि 8 पिनच्या टोकातून 150 वॅटची तरतूद असते. एनव्हिडियाच्या आरटीएक्स 4060 ला 115 वॅट लागतात आणि कंपनी त्यासाठी 550 वॅटच्या एसएमपीएसची शिफारस करते. आता डेलचा ऑप्टिप्लेक्स 9020 पाहावा. त्याच्या मिनी टॉवरमधील एसएमपीएस 290 वॅटचा आहे, ग्राफिक्स कार्डाची वायर त्याला नाही, आणि मदरबोर्डला जाणारे मुख्य टोक बाजारातील एसएमपीएसप्रमाणे 24 पिनचे नसून 8 पिनचे आहे. त्यामुळे मोठा एसएमपीएस विकत आणला तरी योग्य कन्व्हर्टर वायरीशिवाय तो तेथे जोडता येत नाही.

याच टप्प्यावर हार्ड डिस्कच्या साटा टोकाला कन्व्हर्टर लावून त्यातून 6 पिनचे टोक काढण्याचा सल्ला दिला जातो. हा सल्ला घातक आहे. साटा टोकात 12 व्होल्टच्या तीन पिना असून प्रत्येकीची क्षमता 1.5 अँपिअर, म्हणजे एकूण 54 वॅट असते. कार्डाने तेथून 75 वॅट ओढले तर टोक तापून प्लास्टिक वितळू शकते. अशी वायर दुकानात सहज मिळते, एवढ्यावरून ती सुरक्षित ठरत नाही.

एसएमपीएसवर ठळक छापलेल्या वॅटच्या आकड्यावरही विसंबू नये. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः 12 व्होल्टवर चालतात. म्हणून लेबलवरच्या तक्त्यात त्या रकान्यातील अँपिअरला 12 ने गुणून जे वॅट येतील, तेच खरे कामाचे. 18 अँपिअर लिहिले असतील तर ते 216 वॅटच होतात, वरचा आकडा कितीही मोठा असो.

मात्र अशा संगणकात कार्ड घालताच येत नाही, हेही चूक आहे. 6 जीबीचे आरटीएक्स 3050 हे कार्ड 70 वॅटवर, वेगळ्या वायरीशिवाय चालते. त्याच नावाच्या 8 जीबी कार्डाला मात्र 130 वॅट लागतात, आणि केवळ नाव पाहून खरेदी करणारे नेमके येथेच फसतात.

जास्त जीबी म्हणजे वेगवान कार्ड, हा समज तितकाच खोटा आहे: जीटी 730 च्या 64 बिट डीडीआर3 आवृत्तीत मेमरी 4 जीबी असली तरी तिचा वेग सेकंदाला 14.4 जीबी, तर 4 जीबीच्याच जीडीडीआर5 जीटीएक्स 1650 चा 128 जीबी. अरुंद कॅबिनेटमध्ये कमी उंचीचे, म्हणजे लो-प्रोफाइल कार्डच बसते. नवे कार्ड बसवल्यावरही मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टलाच ठेवली, तर त्या कार्डाचा पुरता उपयोग होत नाही.

कार्डाची किंमत विचारण्याआधी कॅबिनेट उघडून एसएमपीएसच्या लेबलचा फोटो काढावा आणि दुकानदाराला तोच आधी दाखवावा.