पंक्चर काढायची वीस मिनिटं

लातूरच्या औसा रोडला एका कडुनिंबाखाली दुकान आहे. दुकान म्हणजे काय, तर एक लाकडी पेटी, एक उभा पंप, पाण्यानं भरलेलं घमेलं आणि फांदीला लटकवलेले चार जुने टायर. पाटी नाही. टायर हीच पाटी.

"चाचा, हवा गेली."

"रात्रीतून गेली का चालता चालता?"

निम्मं निदान या एका प्रश्नात होतं. रात्रीतून हळूहळू गेली असेल तर व्हॉल्व्हची रबरी नळी सैल झालेली असते, चालता चालता गेली असेल तर काटा. माझी चालता चालता गेली होती. चाचांनी सायकल उलटी केली, सीट आणि हँडल जमिनीला, चाकं आभाळाकडं. दोन पट्ट्या घालून टायर एका बाजूनं उचकटला, ट्यूब बाहेर ओढली आणि ती बाजूला टाकून टायरच्या आतून बोटं फिरवायला लागले. डोळे मिटून, जात्यातलं पीठ चाचपावं तसं.

"ट्यूब कुठं पळून जात नाही. आधी काटा."

सापडला. हरभऱ्याच्या दाण्याहून लहान, करड्या रंगाचा, शिंगं असलेला. सराटा.

रानात आणि रस्त्याच्या कडेला जमिनीलगत पसरणारा हा वेल आपण सगळ्यांनी पाहिलाय. नाजूक पानं, पाच पाकळ्यांची पिवळी फुलं. वैद्य त्याला गोखरू म्हणतात आणि काढ्यात घालतात. फळ वाळलं की त्याची पाच शकलं होतात. प्रत्येक शकलाला दोन मोठे काटे आणि दोन लहान. मोठ्या काट्यांची मांडणी अशी, की शकल कसंही पडलं तरी एक टोक वर राहतंच. तुम्ही हातात घेऊन दहा वेळा टाकून बघा. त्याला ना पंख आहेत ना पाखरं भुलवणारा गर. त्याचा सगळा भरवसा कुणाच्या तरी पायावर, खुरावर किंवा चाकावर. म्हणजे मी जे पंक्चर म्हणतो, ते सराट्याच्या बाजूनं बघितलं तर पेरणी आहे. माझा टायर त्याचं बी घेऊन चार किलोमीटर आला होता.

हा वेल अमेरिकेत पोचला आणि तिथल्या सायकलवाल्यांनी इतका वैताग करून घेतला की त्याचं नावच 'पंक्चरचा वेल' पडलं. त्याला आवर घालायला १९६१ साली तिथं दोन जातींचे सोंडकिडे सोडले गेले. एक त्याचं बी पोखरतो, दुसरा खोड. हे किडे मूळचे कुठले? फ्रान्स, इटली आणि आपल्या भारतातले. जिथला काटा, तिथलाच उतारा.

आता ट्यूबची पाळी. चाचांनी तिच्यात थोडी हवा भरली आणि वीतवीत करून घमेल्यातल्या पाण्यातून सरकवायला लागले. एका जागी बुडबुड्यांची माळ लागली. भोक डोळ्यांना दिसत नव्हतं, पण पाण्याला ते लगेच कळलं. भरलेल्या ट्यूबमधली हवा बाहेरच्या हवेच्या तिप्पट-चौपट दाबानं कोंडलेली असते, सुईच्या टोकाएवढी फट तिला पुरते. हवा भरलेला हा टायर १८८८ साली बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरानं पोराच्या तीनचाकीसाठी केला. त्याआधीची सायकल भरीव रबरावर किंवा लोखंडी धावेवर चालायची आणि हाडं खिळखिळी करायची. तेव्हापासून आपण हवेवर बसून फिरतोय, आणि हवा म्हटलं की ती जाणार हेही ओघानं आलंच.

भोकाच्या भोवतीची जागा कानशीनं घासून झाली, तिच्यावर सोल्युशन लागलं. मी लगेच पॅच चिकटवायची वाट बघायला लागलो, तर चाचांनी ट्यूब चक्क खांद्यावर टाकली. "वाळू द्या. ओल्यावर लावला की दोन दिवसांत उठतो."

हे ऐकायला उलटं वाटतं. चिकटवायचं आणि वाळवून? पण सोल्युशन हा डिंक नाही, ते पातळ द्रवात विरघळलेलं रबरच असतं. द्रव उडून गेला की मागं रबराचा ताजा थर राहतो. रबराचे रेणू म्हणजे लांबच लांब दोऱ्यांचा गुंता. पॅचच्या थरातले दोरे आणि ट्यूबच्या थरातले दोरे दाबून एकत्र आणले की ते एकमेकांत शिरतात आणि गुंततात. मग पॅच वर बसलेला राहत नाही, ट्यूबचाच होऊन जातो. द्रव ओला असेल तर मध्येच अडकून बसतो आणि गुंता पक्का होत नाही. चाचांनी रसायनशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नाही, पण उलटं बोट लावून 'आता चिकटत नाही म्हणजे आता चिकटंल' हे ते अचूक सांगतात.

वाळेपर्यंत रिकामं कोण बसतं? चाचांनी मागचं चाक फिरवून बघितलं. चाक डोलत होतं. "आऊट आलाय." त्यांनी एक तार छेडली, दुसरी छेडली. एक टण्ण वाजली, एक बद्द.

साध्या काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकात ३२ तारा असतात, मागच्यात ४०, कारण माणसाचं आणि कॅरिअरचं ओझं मागं जास्त. एक तार जेमतेम दोन मिलिमीटर जाड. उभी धरून वरून दाबली तर पोरही ती वाकवील. मग अशा तारांवर माणूस बसतो कसा? सगळ्या तारा आधीच खेचून ताणलेल्या असतात, इथं त्याचं उत्तर आहे. आपण बसलो की जमिनीकडच्या दोन-चार तारांचा ताण थोडा कमी होतो, एवढंच. तार कधी दाबली जात नाही, कमी-जास्त ओढली जाते. बैलगाडीचं चाक आऱ्यांवर उभं असतं, सायकलचं चाक ताणावर. तंबोरा लावावा तसं चाचा चाक लावतात. एक निपल अर्धा फेरा आवळायचं, समोरचं पाव फेरा सोडायचं, पुन्हा फिरवून बघायचं.

या ताणलेल्या तारांची कसोटी लातूरनं एकदा बघितली. २०१६ चा उन्हाळा. शहराचं पाणी संपलं होतं आणि १२ एप्रिलला मिरजेहून साडेतीनशेएक किलोमीटर येऊन 'जलदूत' रेल्वे पोचली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. रेल्वेचे फोटो देशभर छापून आले. पण स्टेशनातलं पाणी टाकीत आणि टाकीतलं टँकरमध्ये आल्यावर शेवटचं अर्धा किलोमीटर कोण नेणार? सायकलच. कॅरिअरच्या दोन बाजूंना दोन कॅन, हँडलला दोन घागरी, आणि माणूस बाजूनं चालत ढकलतोय. डोक्यावर एक हंडा घेतला की मान अवघडते, तेच चार हंड्यांचं पाणी सायकल मुकाट्यानं नेते. १९५४ साली दिएन बिएन फूच्या लढाईत व्हिएतनामी हमालांनी सायकलींवर दोन-दोनशे किलोंचं सामान लादून डोंगरातून ढकलत नेलं होतं. ढकलायच्या सायकलीला दांडा आणि चाकं शाबूत असली की बस्स, घंटी-ब्रेक कुणी विचारत नाही.

एवढ्यात ट्यूशन सुटली. 'लातूर पॅटर्न'च्या या शिकवण्यांच्या गावात हे वेगळं सांगावं लागत नाही. रस्ता एकदम सायकलींनी भरतो, पाठीवर दप्तर, तोंडाला स्कार्फ. नांदेडलाही शिकवण्यांच्या गल्ल्यांत हेच दृश्य. एक मुलगी सायकल हातात घेऊन आली. चेन पडली होती. "चाचा, लवकर, दुसरा क्लास आहे."

"अगं, तूच बसव. हात काळे झाले तर केमिस्ट्री बिघडत नाही."

तिनं खालच्या बाजूनं चेन दातांत अडकवली आणि पायडल उलटं फिरवलं. झालं. पुढच्या चक्राला ४४ दात, मागच्याला १८. पायडल एकदा फिरलं की मागचं चाक जवळपास अडीचदा फिरतं, आणि अठ्ठावीस इंची चाकाचा घेर सव्वादोन मीटर. म्हणजे पायाचा एक फेरा आणि साडेपाच मीटर रस्ता मागं. एका भाकरीतून साधारण दोनशे कॅलरी मिळतात असं धरलं, तर तेवढ्यावर माणूस तीनेक किलोमीटर चालेल. सायकलवर तीच भाकरी आठ-दहा किलोमीटर नेते. एस. एस. विल्सन यांनी १९७३ मध्ये प्राणी आणि यंत्रं यांची अशी तुलना मांडली होती, तेव्हा ठराविक वजन ठराविक अंतर नेण्यात सायकलवरचा माणूस सगळ्यांच्या पुढं निघाला. पायी माणूस त्या यादीत त्याच्या मागं होता. म्हणूनच शाळा पाच किलोमीटरच्या आत असलेल्या खेड्यातल्या मुलीला मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीसाठी मिळणारी सायकल ही केवळ भेटवस्तू नसते. तासाभराची पायपीट वीस-पंचवीस मिनिटांवर येते आणि शाळा सुटण्याचं एक कारण कमी होतं.

अर्थात जूनमध्ये आपली काळी माती हा सगळा हिशेब पुसून टाकते. या मातीतले कण पाणी पिऊन फुगतात आणि लोखंडाला लोण्यासारखे चिकटतात. मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये चिखल ठासला की चाक जागेवर थांबतं. मग काडीनं उकरायचं, पुन्हा दहा पावलं, पुन्हा उकरायचं. शेवटी सायकल खांद्यावर. रानातल्या वाटेवर माणसाला वाहणारी सायकल आणि सायकलला वाहणारा माणूस, दोघंही एकाच पावसाळ्यात दिसतात.

समोरून धारवाला गेला. मागं कान लावलात तर त्याची सायकल ओळखू येते, कारण पायडल थांबवलं की फ्रीव्हील टकटक वाजतं. आतले छोटे कुत्ते, मिस्त्री त्यांना कुत्तेच म्हणतात, पुढं जाताना दातांत रुततात आणि पाय थांबले की दातांवरून घसरतात. धारवाला एखाद्या दारापुढं सायकल स्टँडवर चढवतो, पट्टा साणेच्या चाकाला लावतो आणि जागच्या जागी पायडल मारायला लागतो. रस्ता नाही, प्रवास नाही, पण साडेपाच मीटरची ती ताकद आता विळीच्या पात्यावर ठिणग्या उडवते.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे सायकल पडत कशी नाही? माझं शिकणं नांदेडचं, तासावर भाड्यानं आणलेल्या मोठ्या सायकलवर, कैची मारून. पाय दांड्यावरून जात नव्हता, म्हणून दांड्याखालच्या त्रिकोणातून पलीकडं घालायचा. अंग एका बाजूला, सायकल दुसऱ्या बाजूला तिरकी, आणि दोघांचं मिळून वजन बरोबर टायरच्या रेघेवर. हे आठ वर्षांच्या पोराला कुणी समजावलेलं नसतं. सायकल डावीकडं कलली की हँडल डावीकडं वळतं, चाकं पडणाऱ्या वजनाच्या खाली येतात आणि सायकल सावरते. रिकामी सायकल जोरात ढकलून सोडली तरी ती काही अंतर अशीच स्वतःला सावरत जाते. फिरत्या चाकाच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळं हे होतं असं लोक मानत. पण २०११ मध्ये नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी एक लहानशी सायकल केली. तिच्यात तो गुण नाहीसा केला, पुढचं चाक मागं ओढलं जाण्याचा गुणही काढला, तरी ती सावरलीच. शंभराहून अधिक वर्षं जगभर चालणाऱ्या यंत्राचं पुरतं उत्तर अजून एका वाक्यात बसत नाही.

माझी ती भाड्याची सायकल बहुतेक लुधियानाची असणार, देशाच्या सायकलींचं मोठं माहेर तेच. पंजाबातून नांदेडला सचखंड एक्सप्रेसनं भाविक येतात, तिथलंच लोखंड इथल्या गल्ल्यांत फिरतं. २००८ साली शीखांच्या गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्तानं नांदेडचे रस्ते नव्यानं बांधले गेले. वास्तुरचनाकार प्रदीप सचदेवा यांच्या आराखड्यात पायी चालणाऱ्याला जागा, झाडाला जागा, फेरीवाल्याला जागा आणि सायकलला वेगळी वाट होती. मराठवाड्यातल्या शहरात सायकलला कुणीतरी कागदावर स्वतंत्र रेघ ओढून दिली, याचं मला तेव्हा फार अप्रूप वाटलं होतं. आज अशा वाटेवर मोटारसायकल उभी दिसली, की चाचांचं बोट आठवतं. ट्यूब कितीही नीट सांधा, काटा टायरात राहिला तर काय उपयोग?

पॅच बसला. चाचांनी त्याच्यावर हातोडीच्या दांड्यानं दोन-चार ठोके दिले, ट्यूब पुन्हा पाण्यातून फिरवली. एकही बुडबुडा नाही. टायर बसला, हवा भरली, चाक फिरवलं, सरळ.

मराठीत आपण पंक्चर 'बुजवत' नाही, 'काढतो'. भोक कसं काढणार, असं लहानपणी वाटायचं. पैसे देताना बघितलं, तो सराटा चाचांनी रस्त्यावर टाकला नव्हता. पेटीतल्या बामच्या रिकाम्या डबीत टाकला. डबी अर्धी भरलेली.

"हे कशाला जपून ठेवलंय? फेकला तर उलट तुमचंच गिऱ्हाईक वाढेल."

चाचांनी डबीचं झाकण लावलं. "पोरांचे परीक्षेचे दिवस हायत, सर."