पीकसंरक्षणाची बंदूक आणि तिचे कायदे

गगनबावड्याच्या मुलखांत भात पोटरीस आलें कीं रानडुकरें रात्रीं खाचरांत उतरतात व उसाच्या फडांत गवे शिरतात. अशा ठिकाणीं बंदूक बाळगणाऱ्या आम्हां शेतकऱ्यांस शहरांतील मंडळी विचारतात कीं, हत्यारांवर निर्बंध असावे कीं नसावे? असावे, मात्र त्यांस हंगामाची ओळख असावी, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

वाद जुना आहे. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याचा सल लोकांच्या मनांत दीर्घकाळ राहिला. १९३१ च्या कराची काँग्रेसनें नियमांस अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क ठरावांत घातला. १९४८ मध्यें घटना समितींत ह. वि. कामत यांनीं तो मूलभूत हक्कांत आणण्याची सूचना मांडली, ती नामंजूर झाली. शेतकऱ्याच्या उपयोगाचें जें कांहीं आहे तें १९५९ च्या कायद्यांत. त्याच्या १३ व्या कलमांत खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे. ती अपुरी पडेल अशी अधिकाऱ्याची खात्री झाल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही मिळूं शकते. २०१९ च्या दुरुस्तीनें माणशीं बंदुका तिनाच्या दोन झाल्या, व परवान्याची मुदत तीन वर्षांची पांच झाली. एका बंदुकीवर राखण करणाऱ्यास पहिली गोष्ट बाधत नाहीं, दुसरी सोयीचीच आहे.

पुष्कळांचा घोटाळा पुढें होतो. परवाना बंदुकीचा असतो, जनावर मारण्याचा नव्हे. डुकरानें उभें पीक नासलें तरी १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणें वनाधिकाऱ्याचा लेखी हुकूम लागतो, आणि मारलेलें जनावर सरकारचें होतें. गवा तर पहिल्या परिशिष्टांतला. पिकासाठीं त्याच्यावर गोळी घालणें हा गंभीर गुन्हा होय. तेथें नुकसानभरपाईचा अर्ज हाच मार्ग.

खरी अडचण निवडणुकीची. २०२४ सालीं विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरास लागली व मतदान २० नोव्हेंबरास झालें. म्हणजे नेमकी भातकापणी! वास्तविक सरसकट बंदुका जमा कराव्या असा निवडणूक आयोगाचा दंडक नाहीं. जिल्ह्याची छाननी समिती परवानेदारांचा विचार करिते. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा इतिहास असलेले, दंगलींत गुंतलेले यांजवर तिचा मुख्य रोख असतो. यास्तव निष्कलंक परवानेदारानें नोटिशीची वाट न पाहतां सात-बारा व पूर्वीच्या नुकसानीचे पंचनामे जोडून समितीकडे अर्ज द्यावा. जमा करणें भागच पडलें तर बंदुकीची पावती घ्यावी, आणि ती परत मिळेपर्यंत शेजाऱ्यांशीं पाळी लावून माळ्यावर राखणीस दोन माणसें अधिक ठेवावीं.