कार्ड चांगलंय, पण...

अप्रेझलचा सीझन आला की 'फीडबॅक' या शब्दानेच पोटात गोळा येतो ना? मग जरा पत्ते खेळायला बसा. तेही स्वतः लिहिलेले!

रविवारची दुपार. बाहेर धो धो पाऊस, आत माझ्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये आम्ही चौघं. मधे कांदाभजी, शेजारी चहाचा थर्मास आणि सतरंजीवर पसरलेली कार्डं. बदाम-इस्पिकवाली नाहीत हं. जाड कागदावर प्रिंट काढून कात्रीने कापलेली, आम्हीच लिहिलेली. समोरच्या मैत्रिणीने माझं कार्ड उचललं, वाचलं, भजीचा तुकडा मोडला, पुन्हा वाचलं. आणि मग म्हणाली, "चांगलंय, पण..."

मराठीतला सगळ्यात डेंजर शब्द कोणता, तर 'पण'. साहेबांच्या केबिनमध्ये ऐका नाहीतर कांदेपोह्यांच्या कार्यक्रमानंतर फोनवर ऐका, आधीचं सगळं वाक्य तो पुसून टाकतो. मी वरवर हसलो. आतून मात्र तिच्या हातातलं कार्ड हिसकावून घ्यावंसं वाटत होतं. तीन रात्री घालवल्या होत्या राव त्याच्यावर!

पुढच्या काही महिन्यांत या 'पण'ने माझी चांगलीच जिरवली. एक मित्र तर जवळजवळ गमावला होता. पण सूचना कशा द्यायच्या आणि कशा घ्यायच्या, हे कुठल्याही सॉफ्ट स्किल्सच्या वर्कशॉपपेक्षा त्या सतरंजीवर जास्त शिकलो. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी खेळाची ओळख

लहानपणी डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं खेळलायत? उंची किती, वजन किती, ज्याचा आकडा मोठा तो जिंकला. तसलाच, पण त्याच्या हजारपट खोल खेळ म्हणजे 'मॅजिक : द गॅदरिंग'. १९९३च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या सिॲटलजवळच्या कंपनीने तो बाजारात आणला. तो रचायला घेतला तेव्हा रिचर्ड गारफिल्ड गणितात पीएचडी करत होता. त्याने कंपनीच्या पीटर ॲडकिसनला आधी 'रोबोरॅली' हा बोर्ड गेम दाखवला होता. तो छापणं खिशाला परवडणारं नव्हतं. ॲडकिसन म्हणाला, कुठेही नेता येईल आणि झटपट संपेल असं काहीतरी दे. त्यातून मॅजिक आलं.

गंमत अशी, की इथे प्रत्येक जण आपापला कॅट घरून घेऊन येतो. आजवर निघालेल्या २५ हजारांहून अधिक वेगवेगळ्या कार्डांमधून निवडलेला, सहसा ६० पानांचा. आणि खेळाचे अर्धे नियम पुस्तकात नसतात, कार्डावरच असतात. हे कार्ड काय करतं, ते त्यावरच दोन-चार ओळींत छापलेलं. म्हणजे हा खेळ जितका चित्रकारांचा आणि गणितवाल्यांचा, तितकाच लेखकांचा. ६३ बाय ८८ मिलिमीटरचा कागद, त्यातला मोठा भाग चित्राला. उरलेल्या जागेत वकिलासारखं नेमकं लिहायचं, आणि जागा उरलीच तर तळाशी तिरप्या अक्षरांत अशी ओळ टाकायची की त्या राक्षसाचा स्वभाव कळावा.

खेळता खेळता आम्हालाही खाज सुटली. आपलाच सेट का लिहू नये? विषय ठरला, मुंबईची चाळ. नळावरच्या मावशी, वॉचमन, गच्ची, छत्री, शेवटची लोकल. प्रत्येकाने कार्डं लिहायची आणि दर रविवारी बाकीच्यांनी ती फाडायची. म्हणजे शब्दांनी हो!

हरणार की गमावणार?

पहिला धडा गारफिल्डच्याच गोष्टीतून. छापण्याआधी तो हाताने बनवलेली कार्डं मित्रांना खेळायला द्यायचा. अगदी पहिला डाव १२० कार्डं दोघांत वाटून झाला होता. नंतर खेळणारे वाढत गेले. एकदा त्यातला एक जण म्हणाला, माझ्याकडे असं कार्ड आहे की पुढच्या पाळीत मी जिंकणारच. गारफिल्ड चक्रावला. एवढं भारी कार्ड त्याने बनवलंच नव्हतं! बघतो तर काय, कार्डावर इंग्रजीत लिहिलं होतं की समोरचा पुढची पाळी 'लूज' करतो. लिहिणाऱ्याच्या मनात होतं, त्याची एक पाळी फुकट जाते. वाचणाऱ्याने घेतलं, तो पुढच्या पाळीत हरतो. 'लूज' म्हणजे गमावणं आणि 'लूज' म्हणजे हरणंही. चुकलं कोणाचं? लिहिणाऱ्याचं. कारण कार्ड दुकानातून बाहेर पडलं की लेखक प्रत्येकाच्या शेजारी बसून समजावू शकत नाही. ऑफिसच्या ई-मेललाही हेच लागू, नाही का?

तीस वर्षं झाली, ही मंडळी अजून तीच वाक्यं घासतायत. २००९मध्ये 'इन प्ले'च्या जागी 'बॅटलफील्ड' आलं. २०१८मध्ये 'ही ऑर शी' जाऊन 'दे' आलं. २०२४मध्ये 'एंटर्स द बॅटलफील्ड'मधले शेवटचे दोन शब्द उडाले, नुसतं 'एंटर्स' उरलं. कंपनीच्या आत 'मल्टिव्हर्स' नावाचा डेटाबेस आहे. त्यात प्रत्येक कार्डाखाली डिझायनर, एडिटर, नियमवाले आपापले शेरे मारतात. त्यातले काही शेरे कंपनीने नंतर स्वतःच वाचकांसमोर ठेवले. ते वाचून माझा जीव भांड्यात पडला. चला, तिथेही सगळ्यांचं एकमत होत नाही तर!

छत्रीने घात केला

तर माझं कार्ड होतं 'चहावाला'. दर पाळीच्या सुरुवातीला एक जादा पान उचला, एवढंच. मैत्रिणीचा 'पण' असा होता, की कार्ड कामाचं आहे, पण कंटाळवाणं आहे. तिचं बरोबर होतं. मग मी काय केलं? पुढच्या शनिवारी रात्री एक वाजता नवा मजकूर लिहिला. 'तुमच्या कुठल्याही पात्राला काहीही दिलं गेलं, की एक पान उचला.' झकास वाटलं. सकाळी प्रिंट काढली आणि थेट डावात आणली.

आता आमच्याच सेटमध्ये 'छत्री' होती. एका पात्राची छत्री दुसऱ्याला द्यायला काहीच खर्च नाही. मैत्रिणीने छत्री मावशींना दिली, एक पान उचललं. मावशींकडून वॉचमनला, आणखी एक पान. वॉचमनकडून परत मावशींना... तिने अख्खा कॅट हातात घेतला! आम्ही तिघं बसलो भजी खात. डाव पाच मिनिटांत खलास. "आता कंटाळवाणं नाहीये," ती म्हणाली.

तोंड लपवायला जागा नव्हती. नंतर कळलं, की या पंगतीत बडी मंडळी बसलीत. २००४मध्ये मॅजिकच्या 'डार्कस्टील' सेटमध्ये 'स्कलक्लॅम्प' नावाचं कार्ड आलं. शेवटच्या टप्प्यात त्याचे आकडे बदलले आणि बदललेलं कार्ड कोणी नीट खेळून पाहिलं नाही. बारकी पात्रं बळी द्यायची आणि दर बळीमागे दोन पानं उचलायची! त्याच वर्षी जूनमध्ये 'स्टँडर्ड' या प्रमुख प्रकारात त्यावर बंदी आली. बरोबर वीस वर्षांनी, जून २०२४मध्ये, 'मॉडर्न होरायझन्स ३'मध्ये 'नाडू, विंग्ड विझडम' हा पक्षी आला. त्याच्या आधीच्या मजकुरावर शंका निघाल्या, म्हणून उशिरा मजकूर बदलला. आणि अंतिम रूप खेळून न बघताच छापायला गेलं. फुकटात इकडून तिकडे नेता येणारी एखादी वस्तू सोबत घेतली की पानंच पानं. थोडक्यात, माझी छत्री! ऑगस्टमध्ये 'मॉडर्न' प्रकारात त्यावर बंदी आली आणि डिझायनर मायकेल मेजर्सने हे कसं घडलं ते स्वतः लिहून कबूल केलं.

शेरा ऐकून बदल केला की आपल्याला वाटतं, सुटलो. पण बदललेलं कार्ड हे नवं कार्ड असतं. जुन्यावर झालेली चाचणी त्याला चालत नाही. क्लायंटच्या मीटिंगच्या आदल्या रात्री बदललेली ती 'छोटीशी' स्लाइड आठवतेय ना?

शेवटची लोकल

इथवर सगळं हसण्यावारी गेलं. पुढचं नाही गेलं.

आमच्यातला एक मित्र सेकंड शिफ्टला असतो. मोजकंच बोलतो. त्याने 'शेवटची लोकल' लिहिलं. हे कार्ड पडलं की डाव संपेपर्यंत कोणालाही नवं पात्र उतरवता येत नाही. खेळून पाहिलं, तर कार्ड पडलं आणि डाव मेला. सगळे नुसते एकमेकांची तोंडं बघत बसलेले.

मी मोठ्या उत्साहात पेन काढलं आणि त्याच्याच कार्डावर, त्याच्यादेखत, काट मारून लिहिलं, 'समोरच्याने दोन पानं टाकावीत.' वर ऐकवलं, "हे बघ, सिंपल आणि बॅलन्स्ड." त्याने कार्ड हातात घेतलं, बघितलं, म्हणाला, "मग तूच लिही ना." पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मला कळेचना. मी तर मदत केली होती!

त्याच सुमारास मार्क रोझवॉटरचं एक भाषण ऐकलं. हा माणूस आधी टीव्हीचा लेखक, 'रोझॅन' या मालिकेसाठी लिहायचा. २००३पासून मॅजिकचा हेड डिझायनर आहे. २०१६मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला गेम डेव्हलपर्सच्या परिषदेत त्याने वीस वर्षांतले वीस धडे सांगितले. त्यातल्या एकाचा मथितार्थ असा : लोकांना दुखतंय कुठे ते बरोबर कळतं, औषध मात्र त्यांना नीट सुचवता येत नाही. माझी नेमकी तीच गोची झाली होती. डाव मेला हे माझं म्हणणं खरं होतं. 'दोन पानं टाका' हा निव्वळ आगाऊपणा होता.

मॅजिकवाले खेळाडूंचे तीन नमुने मानतात. टिमीला थरार हवा, जॉनीला आपलं डोकं काय भन्नाट चालतं ते दाखवायचं असतं आणि स्पाइकला जिंकून स्वतःला सिद्ध करायचं असतं. मी पक्का स्पाइक. मित्राचं कार्ड मात्र टिमीसाठी होतं. त्याला धाकधूक हवी होती. त्यावर स्पाइकचा उपाय चिकटवून मी त्या कार्डातून लोकलच काढून टाकली होती!

शेवटी फोन केला. म्हटलं, "सॉरी यार. मी खोडलं ते विसर. एवढंच सांगतो, कार्ड पडल्यावर मला करायला काही उरलंच नाही. तुला काय वाटायला हवं होतं?" तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "धावायला लागलं पाहिजे रे. शिफ्ट सुटल्यावर मी धावतो तसं."

दोन आठवड्यांनी तो आला. कार्डाचं नाव तेच, मजकूर नवा. 'प्रत्येकाला एक शेवटची पाळी. तीत हातातली सगळी पात्रं फुकट उतरवा. मग दारं बंद.' ते पहिल्यांदा पडलं तेव्हा चौघंही ओरडत होतो. मावशी, वॉचमन, पोस्टमन, मिळेल त्याला डब्यात कोंबत होतो! हा तोडगा मला सात जन्मांत सुचला नसता. कारण ती लोकल मी कधी पकडलीच नव्हती.

'पण' म्हणण्याआधी...

* आधी खेळा, मग बोला. नुसतं वरवर वाचून दिलेला शेरा सहसा स्वतःची हुशारी दाखवायला असतो.

* काय झालं ते सांगा. 'मी इथे अडकलो', 'इथे कंटाळलो'. उपाय विचारला तरच द्या.

* आपण टिमी, जॉनी की स्पाइक, हे ओळखा. समोरच्याने कोणासाठी लिहिलंय तेही विचारा.

* आपलं लिखाण दुसरा वाचत असताना गप्प बसा. समजावून सांगावं लागलं, म्हणजे मजकुरात खोट आहे.

* दुसऱ्याच्या कागदावर पेन चालवू नका. अगदी पेन्सिलसुद्धा नको.

* बदल केला की पुन्हा पहिल्यापासून तपासा. रात्री एकनंतरचे बदल तर दोनदा!

ऑफिसातही आता सवय लागलीये. परवा ज्युनियरने ड्राफ्ट दाखवला. हात शिवशिवत होते, पण पेन खिशातच ठेवलं. म्हटलं, "दुसऱ्या परिच्छेदात तू कोणाशी बोलतोयस ते मला कळलं नाही." तो डोकं खाजवत गेला आणि संध्याकाळी माझ्यापेक्षा चांगलं लिहून घेऊन आला. थोडं लागलं मनाला. खोटं कशाला बोलू?

आणि हो, 'चहावाला' आता सहाव्या अवतारात आहे. छत्री द्यायला आता एक नाणं पडतं आणि चहा एका पाळीत एकदाच मिळतो. गेल्या रविवारी मैत्रिणीने कार्ड उचललं, वाचलं, तीन डाव खेळली. म्हणाली, "चांगलंय."

मी थांबलो. पुढे काही आलंच नाही. जरा चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. शेवटी न राहवून मीच विचारलं,

"पण?"