कारागिरांचे वेतन व शहरांचा राहणीखर्च : तुलनेची रीत

एकाच श्रमाला निरनिराळ्या शहरांत निरनिराळे मोल मिळते, ही गोष्ट अर्थशास्त्रास नवी नाही. १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ ह्या ग्रंथात ॲडम स्मिथने लंडनमधील साध्या मजुराची रोजची मजुरी १८ पेन्स, तेथून काही मैलांवर १४ ते १५ पेन्स, तर एडिंबरोमध्ये १० पेन्स असल्याचे नमूद केले आहे. खाद्यपदार्थांच्या किमती ठिकाणपरत्वे जितक्या बदलतात त्याहून मजुरी अधिक बदलते, असाही त्याचा निष्कर्ष होता. तेव्हापासून प्रश्न उभा आहे तो असा : वेतनातील ह्या फरकापैकी कारागिराच्या पदरात खरोखर पडणारा लाभ किती, आणि शहराच्या महागाईची नुसती भरपाई किती?

हा प्रश्न केवळ ग्रंथांतरीचा नाही. सोलापूरचा गवंडी मुंबईस जावे की न जावे ह्याचा विचार करतो, किमान वेतन ठरविताना शासन शहरांची परिमंडळे पाडते, कामगार संघटना दुसऱ्या शहराच्या दराकडे बोट दाखविते. त्या प्रत्येक वेळी हाच हिशेब मांडला जातो आणि पुष्कळदा तो चुकीच्या साधनाने मांडला जातो.

१. निर्देशांकाची मर्यादा

हे चुकीचे साधन म्हणजे ग्राहक किंमत निर्देशांक. मुंबई सरकारने १९२१ साली श्रम कार्यालय स्थापन केले व कामगारवर्गाच्या राहणीखर्चाचे निर्देशांक तयार होऊ लागले. पुढे प्रत्येक शहराची माला स्वतंत्र झाली. मुंबईच्या मालेचा पाया जुलै १९३३ ते जून १९३४ हा होता, तर सोलापूरच्या मालेचा फेब्रुवारी १९२७ ते जानेवारी १९२८ हा. १९३३-३४ हा मंदीचा काळ; त्या वेळी किमती उतरलेल्या होत्या. साहजिकच, पुढील काळातील भाववाढ त्या पायावर मोजली म्हणजे ती अधिक दिसे. दोन शहरांचे आकडे शेजारी मांडून एक शहर दुसऱ्याच्या इतके पट महाग, असे म्हणणे ह्यामुळे सर्वथा निराधार ठरते.

पाया समान केल्याने ही अडचण दूर होते, असे वाटण्याचा संभव आहे. औद्योगिक कामगारांसाठीच्या मालेत २०१६ हे वर्ष पायाभूत धरून ८८ केंद्रांचे निर्देशांक काढण्यास २०२० साली प्रारंभ झाला. परंतु पायाभूत वर्षी प्रत्येक केंद्राचा निर्देशांक १०० धरला जातो. म्हणजे त्या वर्षी महाग असलेले शहरही १०० आणि स्वस्त असलेले शहरही १०० च. पुढे एकाचा आकडा दुसऱ्याहून वाढला, तर त्यावरून एवढेच समजते की, तेथील किमती अधिक वेगाने वाढल्या. निर्देशांक हा एका शहराची त्याच्या स्वतःच्या भूतकाळाशी तुलना करतो. दोन शहरांची एकमेकांशी नव्हे.

ह्याचा अर्थ निर्देशांक निरुपयोगी आहे असा नाही. महागाई भत्ता त्याच्याशी निगडित असल्यामुळे त्यातील थोडा दोषही कामगारांच्या पगारावर परिणाम करतो. १९६३ साली मुंबईच्या निर्देशांकावर कामगार संघटनांनी तीव्र आक्षेप घेतले, तेव्हा प्रा. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमावी लागली. तथापि तो वाद एकाच शहरातील भाववाढ नीट मोजली गेली की नाही, ह्यासंबंधीचा होता.

२. समान कसब, समान वस्तू

शहरांची परस्परांशी तुलना करावयाची, तर प्रथम कसब समान असले पाहिजे. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त सुतारांच्या पाच प्रती दिल्या आहेत, पहिल्या प्रतीस रोज ७ दाम, तर पाचवीस २ दाम. एकाच नावाखाली साडेतीनपट अंतर दडलेले असू शकते. आजही ‘गवंडी’ ह्या एका शब्दात विटांचे बांधकाम करणारा, गिलावा करणारा आणि फरशी बसविणारा असे भिन्न कारागीर सामावतात. त्यांचे दर न निवडता सरासरी काढली, तर ती शहरांची तुलना न राहता कामांच्या मिश्रणाची तुलना होते.

त्यानंतर वस्तूंचा संच ठरवावयाचा. सोलापूरच्या घरात ज्वारीची भाकरी प्रमुख, तर कोकणातून मुंबईस आलेल्याच्या घरात भात. एका शहराचाच संच घेतला, तर दुसऱ्यावर अन्याय होतो; कारण जी वस्तू जेथे स्वस्त तिचाच वापर तेथे अधिक असतो. म्हणून दोन्ही संच दोन्ही शहरांच्या भावांनी मोजून, मिळणाऱ्या दोन गुणोत्तरांच्या गुणाकाराचे वर्गमूळ घ्यावे, ही अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशरच्या नावाने ओळखली जाणारी रीत रूढ आहे. तेंडुलकर समितीने २००९ साली राज्याराज्यांच्या दारिद्र्यरेषा ठरविताना हीच रीत अवलंबिली होती.

ही रीत समजावी म्हणून काही काल्पनिक आकडे घेऊ. ‘क’ ह्या मोठ्या शहरात गवंड्याचा रोज १,००० रुपये, तर ‘ख’ ह्या लहान शहरात ७०० रुपये आहे. घरभाडे वगळता ‘क’ येथील कुटुंबाच्या महिन्याच्या वस्तूंना ‘क’ मध्ये १२,००० व ‘ख’ मध्ये १०,८०० रुपये पडतात. ‘ख’ येथील कुटुंबाच्या वस्तूंना ‘क’ मध्ये १२,००० व ‘ख’ मध्ये १०,००० रुपये. वरील रीतीने ‘क’ हे शहर १.१५ पट महाग ठरते. वेतन मात्र १.४३ पट आहे. अर्थात ‘क’ येथील कारागीर सुमारे २४ टक्क्यांनी सुस्थितीत दिसतो.

३. घरभाडे

आता त्याच आकाराच्या खोलीचे भाडे ‘क’ मध्ये ८,००० व ‘ख’ मध्ये २,००० रुपये आहे असे धरू. ते मिळविताच ‘क’ हे शहर १.६१ पट महाग होते आणि तेथील कारागिराचे खरे वेतन ‘ख’ पेक्षा ११ ते १२ टक्क्यांनी कमी भरते. निष्कर्ष पूर्णपणे उलटला. धान्य, कापड, तेल ह्या वस्तू एका गावाहून दुसऱ्या गावी नेता येतात, म्हणून त्यांच्या भावांतील अंतर मर्यादित राहते; जागा कोठेच नेता येत नाही.

शिवाय घरभाड्याचा आकडा मिळविणे हेच अवघड काम आहे. मुंबईत १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने पुष्कळ जुन्या जागांची भाडी १९४० च्या पातळीस बांधली. त्यामुळे जुन्या चाळीतील भाडेकरूचे भाडे नाममात्र राहिले आणि नव्याने येणाऱ्यापुढे पगडीचा प्रश्न उभा राहिला. सरासरी भाडे पाहिले, तर ते आधीच स्थिरावलेल्या माणसाचे असते. स्थलांतराचा विचार करणाऱ्याला मात्र त्या दिवसाचे भाडे व अनामत रक्कम द्यावी लागते. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजांवर आधारित किमान वेतनासाठी दरडोई वर्षाला १८ वार कापड, २,७०० उष्मांकांचा आहार व सरकारी औद्योगिक गृहयोजनेतील किमान जागेचे भाडे असे मान ठरविले. आहार व कापड यांचे मान सर्वत्र लावता येण्यासारखे होते. परंतु योजनेतील जागा ज्यास मिळाली नाही, त्याचे खरे भाडे त्या मानात बसत नव्हते.

४. कामाचे दिवस व कुटुंबाची कमाई

आतापर्यंत रोजाची तुलना केली. परंतु संसार चालतो तो महिन्याच्या मिळकतीवर. पावसाळ्यात उघड्यावरचे बांधकाम मंदावते, नाक्यावर उभे राहूनही कामाविना परतावे लागते, आजारपणाचे खाडे पडतात. ‘क’ मध्ये महिन्यास २५ आणि ‘ख’ मध्ये २० दिवस काम मिळत असेल, तर मिळकत अनुक्रमे २५,००० व १४,००० रुपये, म्हणजे १.७९ पट होते. आणि ‘क’ चा कारागीर पुन्हा सुमारे ११ टक्क्यांनी पुढे जातो.

दुसरी बाजू कुटुंबाची. सोलापुरात विड्या वळण्याच्या धंद्यात स्त्रियांचा वाटा फार मोठा आहे. गवंड्याची पत्नी विड्या वळीत असेल, तर मुंबईस गेल्याने ती मिळकत बुडते. केवळ पुरुषाच्या रोजावरून केलेला हिशेब हा तोटा दाखवीतच नाही.

५. दोन ठिकाणचा संसार

मुंबईच्या गिरणगावात दीर्घकाळ असे हजारो कामगार होते की, ज्यांचे बिऱ्हाड कोकणात अथवा घाटावर असे आणि ते स्वतः गाळ्यात अनेकांबरोबर राहून खाणावळीत जेवीत. उरलेली रक्कम मनीऑर्डरने गावी जाई. अशा कामगाराचा काही खर्च मुंबईच्या भावाने, तर काही गावच्या भावाने होत असे. त्याला मुंबईचा राहणीखर्च संपूर्णपणे लावणे चूक आणि गावचा लावणेही चूक. बांधकामावरील एकट्या स्थलांतरित कारागिरास आजही हेच लागू पडते. संपूर्ण कुटुंब नेल्यास तोट्याचे ठरणारे शहर एकट्याने गेल्यास फायद्याचे ठरते. मात्र ताटातुटीची किंमत कोणत्याही तक्त्यात येत नाही.

ह्या विवेचनावरून दिसून येईल की, ‘अमुक शहरात कारागीर अधिक सुखी’ असे सरसकट विधान करता येत नाही. रोजाला निर्देशांकाने भागून उत्तर काढणे तर अशास्त्रीयच होय. कोणत्या प्रतीचा कारागीर, कोणत्या वस्तू, कोणत्या भाड्याची जागा, महिन्याचे किती दिवस काम आणि कुटुंब कोठे, ह्या पाच गोष्टी स्पष्ट केल्यावरच दोन शहरांची तुलना सार्थ होते. परिमंडळांचे दर ठरविणाऱ्यांनी ह्या पाचही बाबींची माहिती स्वतंत्रपणे गोळा करणे अगत्याचे आहे; कारण त्यांतील एक जरी वगळली, तरी वर दाखविल्याप्रमाणे लाभाचा तोटा आणि तोट्याचा लाभ दिसू लागतो, आणि त्या चुकीचा भार शेवटी कारागिरालाच सोसावा लागतो.